माठाखालचा मेणाचा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. काडेपेटीपेक्षाही लहान, पण मला कमी समजू नका! वारूळवाडीच्या साळुबाईंच्या स्तनातली कॅन्सरची गाठ पुण्याच्या एका सरकारी दवाखान्यात काढली, तेव्हा तिचा बारीकसा तुकडा मेणात बसवून मला घडवले. तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला साळुबाईंच्या हाती दिले. "टाकू नका, उन्हात ठेवू नका," असे बजावलेही.

घरी माझे स्वागत काही बरे झाले नाही. नणंद मंगल दारातच थबकली.

"रोगाचा तुकडा घरात? लई वंगाळ! मीना नदीत सोडून दे, वैनी."

"डॉक्टरीणबाई टाकू नका म्हणल्यात. ऱ्हाऊ दे," साळुबाई म्हणाल्या.

त्यांनी मला स्टीलच्या डबीत घालून माठाच्या तिवईखाली ठेवले. घरातली सगळ्यात गार जागा तीच. टोमॅटोचे हंगाम येत होते, जात होते. माझी चौकशी कोणी करेना. मंगल तेवढी येता-जाता डबीकडे तिरक्या नजरेने बघे. मला फार वाईट वाटे.

मग आजार पुन्हा उठला, या वेळी फुप्फुसात. साळुबाईंना चार पावलांत धाप लागू लागली. त्याच सुमारास दवाखान्यात एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. ज्या गाठीवर एक ठरावीक खूण असते, तिच्यावरच ते औषध चालते. बाकीच्यांना नुसता त्रास. औषध भलतेच महाग. ते सरकारी दवाखान्यात सगळ्या गरजूंना फुकट द्यावे का, हे या चाचणीवर ठरणार होते. साळुबाईंना ते मिळायचे, तर आधी खूण सापडायला हवी होती. पण त्या अवस्थेत फुप्फुसाचा तुकडा काढणे धोक्याचे होते. आजार तोच, म्हणून पहिल्या गाठीच्या जुन्या तुकड्यातही ती खूण बघता येणार होती.

"जुना ठोकळा आहे का? पुष्कळ जण हरवतात हो," डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"हाय! माठाखाली हाय!" मंगलच ओरडली.

दुसऱ्या दिवशी तिने मला ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डबीतून, मांडीवर धरून, एसटीने पुण्याला नेले. माझे पातळ काप काढले, त्यांवर रंग चढवला आणि खूण लख्ख दिसली! साळुबाईंना औषध सुरू झाले. हळूहळू धाप थांबली. पुढच्या हंगामात त्या स्वतःच्या हाताने टोमॅटो तोडत होत्या. त्यांच्यासारख्या कितीतरी जणींना गुण आला. सगळ्यांना आला असे नाही, पण खूण असलेल्या बहुतेकींना आला. डॉक्टरांनी ते नीट पडताळून सरकारला कळवले आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागले. त्या निर्णयात माझाही एक पातळ काप आहे, मित्रांनो! माझा आनंद मेणात मावेना.

तुमच्या घरी असा ठोकळा असेल, तर त्याला घाबरू नका. गार जागी जपून ठेवा.

काप काढून उरलेला मी पुन्हा माठाखाली आलो. माझी डबी आता मंगलच पुसते. परवा शेजारीण जया नाक मुरडून म्हणाली, "हे कशाला ठेवलंय घरात?"

"हात नको लावू," मंगल म्हणाली. "आमच्या वैनीचा जीव ह्यानं राखलाय."