काचबाबाच्या दुर्बिणीतला साप

दूध संस्थेच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. चौसाळ्याच्या पलीकडचं ते गाव टँकरवर जगत होतं, आणि टँकरचं पाणी कुणी भरायचं हे आता काचबाबा ठरवत होता! त्यानं कुठून तरी सूक्ष्मदर्शक पैदा केला होता. गाव त्याला दुर्बीण म्हणायचं. माणसाची लाळ काचेवर घ्यायची, ती खाली ठेवायची आणि वरून डोळा लावायला सांगायचं. आत उजेडाच्या गोलात काळा, वाकडा साप दिसायचा.

"ह्यो तुझ्या रक्तातला दोष! ह्याच्यापायी पाऊस अडलाय!"

ज्याच्यात साप, त्याला टँकर बंद आणि संस्थेत दूध घालणंही बंद. बाबाला बकरं दिलं की तो दुर्बीण कापडाखाली घ्यायचा, मंत्र पुटपुटायचा, आणि साप गायब!

छबुबाईकडं बकरं नव्हतं. तिची गाय गोठ्यात तहानेनं तडफडून मेली. शेजारच्या केशरबाईनं तांब्याभर पाणी दिलं नाही. छबुबाईची लेक शिवकन्या बीडच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिनं घरी येऊन रिकामा गोठा पाहिला आणि तिच्या डोक्यात सणकच गेली. नुसतं खोटं उघडं पाडून तिचं भागणार नव्हतं. त्याच ओट्यावर, त्याच गर्दीसमोर तिला बाबाचं नाक कापायचं होतं.

ती रांग मोडून पुढं गेली. "माझी लाळ बघा."

"आईवाणीच हाय! साप!" बाबा गरजला.

तिनं डोळा लावला आणि अंगाचा तिळपापड झाला. असला साप ती स्वतः दरवर्षी करायची! पोरांना नेमकी पेशी दाखवायला काटा हवा, म्हणून डोळ्याकडच्या भिंगाच्या नळीत एक केस डकवायची.

तिनं खालची काच काढून मुठीत धरली. "राधाकिशनकाका, तुम्ही संस्थेचे चेअरमन. आता बघा."

"साप हाय की!"

"कुणाचा? खाली लाळच नाही."

तिनं वरची नळी फिरवली.

"आयला! साप बी फिरायलाय!"

"लाळेतला असता तर जागच्या जागी राहिला असता, काका."

"यंत्राला शिवू नगं पोरी! भस्म होशील!"

"होऊ दे. आधी तुझी लाळ काढ!"

बाबा सटकायला गेला. राधाकिशननं त्याचं मनगट धरलं. काचेवर थुंकला बिचारा! त्याच्या लाळेतही तोच साप.

"म्हंजी पाऊस ह्यानंच अडवला की बे!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. शिवकन्येनं त्याची झोळी उपडी केली. आत दुसरी, स्वच्छ नळी. कापडाखाली बदलायची ती हीच. मग तिनं पहिली नळी उघडून टाचणीनं केस काढला आणि राधाकिशनच्या तळहातावर ठेवला. बाबा हात जोडून रडायला लागला. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला!

तेवढ्यात टँकर आला. सगळे घागरी घेऊन पळाले, तशी ती त्यांच्या वाटेत आडवी आली.

"थांबा! आधी एकेकानं ह्या केस काढलेल्या दुर्बिणीला डोळा लावायचा, मग पाणी. साप केसाचा होता, पण माझ्या आईची गाय खरीच मेली. ह्यानं फसवलं, आणि पाणी तोडलं तुम्ही! खालची लाळ काढून बघू का, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. उद्या दुसरा कुणी चमत्कार घेऊन आला तर आधी तेवढं विचारा."

माना खाली घालून एकेक जण डोळा लावून गेला. केशरबाई सगळ्यांत शेवटी आली. तिनं आपली पहिली घागर भरली आणि छबुबाईच्या दारात नेऊन ठेवली. छबुबाईनं ती उचलली आणि रिकाम्या गोठ्यात ओतून टाकली.