डब्याचं पोट

चाळीस वर्षं मी आगगाडीच्या डब्यांचे आराखडे काढले. तरी सुनेच्या प्लॅस्टिकच्या विटांच्या डब्याने मला ऐन दसऱ्यात तोंडघशी पाडलं. सांगतो, हसायचं तर हसा.

म्हैसूरच्या घराघरांतून नवरात्रात गोंबे मांडतात, तशा आमच्याकडेही पायऱ्यांवर बाहुल्या बसतात. त्यांत मानाची पट्टद गोंबे, म्हणजे राजाराणीची लाकडी जोडी. लोक ती वर ठेवतात, माझी बायको गोदावरी खाली पाटावर ठेवते. एकदा बसवली की हलवायची नाही. विजयादशमीला राजाला आडवं निजवायचं, तोवर त्याने उभंच राहायचं.

यंदा वनजाने, माझ्या सुनेने, त्या पाटाभोवती रूळ टाकले. ती हेब्बाळच्या कारखान्यात ड्रॉइंगचंच काम करते. दोन महिने खपून तिने एकमेकींत बसणाऱ्या खेळण्यातल्या विटांचा आगगाडीचा लांबलचक डबा बांधला होता. खाली दोन बोगी, म्हणजे चाकांचे गाडे, आपापल्या खिळीवर फिरणारे. ते तिने टोकांपासून बरेच आत बसवले होते. मला ते काही बघवेना. डबा दोन्हीकडून लोंबतोय, छे! तिसऱ्या दिवशी ती कंपनीच्या बसने गेली आणि मी दोन्ही बोगी पार टोकांना सरकवल्या. हातात धरून पाहिलं, डबा काय देखणा दिसत होता!

संध्याकाळी वनजाने बटण दाबलं. वळणावर चाकं रूळ सोडत नाहीत, पण दोन बोगींच्या मधलं डब्याचं पोट आत सरकतं. बोगी जितक्या दूर, तितकं जास्त. हे मी नव्या पोरांना शिकवलेलं, हो! पोट राजाला घासलं आणि राजा धाडकन आडवा झाला.

गोदावरीने त्याला उचलून पुन्हा पाटावर उभं केलं. दसरा झाला की सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं.

“विजयादशमीच्या आधीच निजला,” ती म्हणाली. मग वनजावर कडाडली, “साकु! पुरे झालं! उचल तुझी ती गाडी!”

वनजाने डबा उलटा करून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

“चुकलं, आत्याबाई,” एवढंच म्हणाली.

मीही गप्प बसलो. पुढचे तीन दिवस गोदावरी तिच्याशी बोलली नाही, तिला गोंब्यांजवळ येऊ दिलं नाही. पोरगी मुकाट्याने बसला जायची, यायची. मी पेपर वाचायचो.

सहाव्या दिवशी शेजारच्या इंदिराबाई हळदीकुंकवाला आल्या. गाडी कुठंय, त्यांनी विचारलं.

“नको ती गाडी,” गोदावरी म्हणाली. “सुनेचा पायगुण, दुसरं काय.”

वनजा दारातच होती. मला माझीच लाज वाटली. उठलो, कपाटावरचा डबा काढला आणि सगळ्यांसमोर दोन्ही बोगी आत घेतल्या.

“तिने अशा बसवल्या होत्या. मी शहाणपणा करून टोकांना नेल्या. राजाला मी पाडलं.”

“अय्यो!” इंदिराबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली.

“मग तीन दिवस दातखीळ बसली होती काय?” गोदावरीने विचारलं.

“घाबरलो होतो. तो पडला तेव्हा तुझ्याआधी माझ्या छातीत धस्स झालं. शकुनबिकुन मानत नाही म्हणत मिरवतो ना मी. आपल्याच हातून पडला म्हणवेना, आळ तिच्यावर गेला ते बरंच वाटलं.”

वनजाने पुढे होऊन डबा रुळावर ठेवला. राजाच्या बाजूने तो बोटभर अंतर ठेवून निघून गेला.

गोदावरीने करंडा उचलला, वनजाला कुंकू लावलं आणि तिच्या हनुवटीला हात लावून “चुकलं गं माझं” म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

“स्वतःच पाडलंत ना? मग सोमवारी स्वतःच उठायचं. मला दुसरं काही ऐकायचं नाही.”

मी “बरं” म्हणालो.