दहावं नाव

भूगोलाच्या बाईंना दहा नावं हवी होती. शाळेला ड्रोन मिळाला होता, पण अट अशी होती, की शुक्रवारपर्यंत ड्रोन मंडळात दहा मुलं आली नाहीत, तर तो पलीकडच्या शाळेत जाणार. शुक्रवार उजाडला, तरी बाईंचा कागद कोराच होता. दोष त्यांचाच. तीन आठवडे त्यांनी ड्रोन फळ्यावर शिकवला होता: व्याख्या, उपयोग, आकृती काढून भागांना नावे द्या. नववीच्या पोरांनी ते मुकाट्याने उतरवून घेतलं आणि जांभया दिल्या. पालथ्या घड्यावर पाणी!

उडवून दाखवावा म्हटलं, तर मुख्याध्यापकांचा नन्नाचा पाढा. "कोणाच्या डोक्यात पडला तर? जबाबदारी कोणाची?"

बाई त्यांना चांगल्याच ओळखून होत्या. दोघं याच शाळेत, एकाच वर्गात शिकले. तेव्हा मुख्याध्यापकांना सगळे ढब्बू म्हणायचे. नववीत बाईंची नवी कोरी कंपासपेटी गायब झाली, त्यापायी त्यांनी वडिलांचा मार खाल्ला. ढब्बूने मात्र "आईशपथ, मी नाही" म्हणत कानांवर हात ठेवले, ते छत्तीस वर्षं काही काढले नव्हते.

"मैदानातच उडवते, सर. कंबरेएवढा."

"कंबरेएवढाच हं, बाई," मुख्याध्यापक म्हणाले आणि खबरदारी म्हणून डोक्यावर छत्री धरून उभे राहिले.

ड्रोन भुणभुणत कंबरेएवढा उडाला. पोरांनी पुन्हा जांभया दिल्या. तेवढ्यात हजेरीखेरीज कधी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, छपरावरचं दिसेल का? आमचे सगळे बॉल तिकडेच गेलेत."

शाळेच्या छपरावर जायला जिनाच नव्हता. वर गेलेलं वरच राहायचं. बाईंनी मुख्याध्यापकांकडे न बघता रिमोटवरचा अंगठा पुढे रेटला.

हातातल्या पडद्यावर छप्पर दिसलं आणि पोरांची झुंबड उडाली. "तो माझा!" "अरे, सतरा आहेत!" "हा बूट कोणाचा?" आणि कोपऱ्यात एक गंजकी पत्र्याची पेटी. बाईंनी ड्रोन पेटीच्या जवळ नेला. झाकणावर करकटकाने भोकं पाडून काढलेला मासा होता. तो मासा बाईंनी स्वतःच्या हाताने काढला होता.

"ढब्बू!" बाई भर मैदानात ओरडल्या.

मुख्याध्यापकांच्या हातातून छत्री गळाली. पोरं तर खूशच झाली.

"अगं, नुसती उडवली होती. वाटलं, खाली येईल."

"छत्तीस वर्षं वाट बघत होतास?"

पेटी खाली कशी आणायची, यावर आता अख्खा वर्ग तुटून पडला. कोणी प्रयोगशाळेतून लोहचुंबक पळवून आणलं, कोणी दोरी. दोरी आखूड ठेवली तर पात्यांत गुंतेल, लांब ठेवली तर वाऱ्याने हेलकावेल, हे त्या अबोल मुलीने सगळ्यांना दमात घेऊन सांगितलं. पुढचा तास सुरू झाल्याची घंटा झाली, ती कोणी ऐकलीच नाही. पहिल्या खेपेला चुंबकाला बुटाचं बक्कल चिकटलं आणि बूट खाली आला. दुसरी खेप रिकामी. तिसऱ्या खेपेला पेटी लोंबकळत बाईंच्या पायाशी उतरली. बाईंचे डोळे भरून आले.

त्यांनी लगेच कागद फिरवला. नऊ नावं आली. बाकीचे म्हणाले, "आधी बॉल आणा, मग बघू." बॉलला काही चुंबक चिकटत नाही.

बाईंनी कागद गंजक्या पेटीवर ठेवून मुख्याध्यापकांपुढे धरला. "लिही नाव."

"मी? अगं, दहा मुलं हवीत ना!"

"पेटी फेकलीस, तेव्हा कोण होतास?"

मुख्याध्यापकांनी पेन काढलं, पण ते हातातच राहिलं. हळूच त्यांनी विचारलं, "बाबांनी फार मारलं होतं का गं?"

"दोन दिवस बाकावर बसता येत नव्हतं."

मुख्याध्यापकांनी खाली मान घालून नाव लिहिलं आणि इयत्तेच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत भरलं: नववी, तुकडी ब.