हरभऱ्यातली ज्वारी

हरभरा पेरताना बियाण्यात मी मूठभर ज्वारी मिसळली होती, ती काही खायला नव्हे. ज्वारीचं ताट हरभऱ्याच्या वर निघतं, त्यावर साळुंक्या, कोतवाल अशी पाखरं येऊन बसतात, आणि खालच्या घाटेअळ्या टिपून खातात. इतकी साधी गोष्ट. पण ती मी फक्त नवऱ्याला सांगितली. सासऱ्यांना सांगायची राहून गेली, आणि तिथंच सगळं फिसकटलं.

सांगणार तरी कसं? सासूबाई, केवळाबाई, ऐन पावसाळ्यात गेल्या आणि मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बोलणंच टाकलं. शेषेराव म्हणजे औश्याच्या बाजारात या टोकाला बोलले तर त्या टोकाला ऐकू जाणारा माणूस. ते ओसरीत भिंतीला टेकून नुसते बसून राहायचे. वाढलं की जेवायचे, विचारलं की मान हलवायचे.

मग थंडीत ज्वारीची कणसं बाहेर पडली. मामा एका सकाळी काठी घेऊन उठले, माझ्या मागं शेतात आले, बांधावर उभे राहिले आणि ओरडले, "हाऽऽ हो! हाऽऽ हो!" जन्मभर ज्वारीची राखण केलेला माणूस तो. कणीस दिसलं की पाखरू हाकलायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मी खुरपं टाकून तिथंच रडले. लातूरला गाडी चालवणाऱ्या नवऱ्याला, सुदर्शनला, फोन लावला, "अहो, मामा बोलले!"

आनंद कसाबसा आठवडाभर टिकला. मग घाट्यांना, हरभऱ्याच्या शेंगांना, भोकं दिसायला लागली. अळी अर्धी आत, अर्धी बाहेर, निवांत जेवत असलेली. पाखरू मात्र एकही नाही. मी निंबोळीचा अर्क करून फवारला. हात इतके कडू झाले की भाकरीचा घासही कडू लागायचा. त्या अर्कानं बारीक अळ्या आटोक्यात आल्या, पण मोठ्या कुठल्या दाद द्यायला! मग मी ओळीनं वाकून मोठ्या अळ्या डब्यात वेचायला लागले. कंबरेचा पार भुगा झाला. आणि तिकडं बांधावर मामा ताजेतवाने होऊन माझ्या मदतीला आलेली पाखरं हाकलत होते. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळत नव्हतं.

रविवारी सुदर्शन आला. मागच्या वर्षी विषारी औषध फवारताना हा माणूस बांधावरच कोसळला होता, दवाखान्यात पडून होता. अळी मात्र तरीही मेली नव्हती. तेव्हाच मी ठरवलं होतं, पुन्हा पंप याच्या पाठीवर चढू द्यायचा नाही.

त्यानं चार घाटे फोडले. "उज्ज्वला, हे असंच चाललं तर हाती काई लागत न्हाई. पुढच्या रविवारी पंप काढतो."

"त्यापरीस मामांना सांगा की, वरडू नका म्हणून."

"तूच सांग. माझ्यानं व्हायचं न्हाई. बाप इतक्या दिसानं बोलून राहिलाय."

म्हणजे वाईटपणा माझ्याकडं. नेहमीसारखाच.

रोज ठरवायची आणि रोज जीभ रेटायची नाही. शेवटी एका दुपारी पाण्याचा तांब्या घेऊन मामांजवळ बसले आणि एक घाटा फोडून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"मामा, ही ज्वारी आपल्याला न्हाई. पाखरं बसावीत म्हणून पेरलीय. ती बसली तर अळी खातेत. न्हाई बसली तर तुमचा लेक परत पंप पाठीला लावतोय."

अळी त्यांच्या तळहातावर वळवळत होती. ते तिच्याकडं बघत राहिले.

"म्हंजी मी उलटंच करून राहिलो व्हय?"

"हाव."

"मंग आधी सांगावं की गं."

"तुमी इतक्या दिसानं बोलायला लागले, मामा. कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी मामा गावातून पिशवीभर मुरमुरे घेऊन आले, ओळीतून उधळले आणि बांधावरून हाक मारली, "या रे, या!" बाभळीवर बसलेली सगळी पाखरं भुर्रकन उठून पार पल्याडच्या शेतात गेली. तो गळा त्यांच्या ओळखीचा झाला होता. मामांनी आणखी एकदा, हळू आवाजात हाक मारून बघितली. मग तोंड मिटलं ते मिटलंच.

त्यानंतर ते रोज मुरमुरे टाकायचे आणि बाभळीखाली डोक्यावर टॉवेल घेऊन बसायचे. खोकला आला तरी टॉवेल तोंडात दाबायचे. हळूहळू एक कोतवाल आला, मग साळुंक्या आल्या. एक तर त्यांच्या पायाजवळून चालत गेली. रविवारी सुदर्शननं घाटे फोडून बघितले आणि पंप होता तिथंच राहू दिला.

मी खूश व्हायला हवं होतं. पण घर पुन्हा मुकं झालं होतं आणि मला ते सोसत नव्हतं. जेवण वाढताना म्हटलं, "मामा, घरात काई पाखरं न्हाईत. हितं तरी बोला की."

त्यांनी दाराकडं बघितलं आणि अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाले, "येकदा तोंड उघडलं की उद्या शेतात बंद ऱ्हायचं न्हाई, पोरी. हरभरा निघू दे."

हरभरा निघायला अजून बराच अवकाश होता. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि मीही गप्प बसले.