टाचेची साक्ष

"टाच टेकव, भार सोड, माती काय म्हणते ते सांग."

वडिलांचा हा आवाज पस्तीस वर्षं थोरलीच्या कानात मुक्कामाला होता. वडील गावच्या परिषदेचे रस्तेपाल. ओलीच्या महिन्यांत लाकडाचे ट्रक कच्च्या रस्त्यावर सोडायचे की नाही, हे ते ठरवायचे, तेही दोन्ही लेकींना कडेला उभं करून. टाच रुतली की रस्त्यावरच्या पाटीची लाल बाजू पुढे, ट्रकांना बंदी; नाही रुतली की हिरवी. थोरली मातीकडे बघून सांगायची, धाकटी वडिलांच्या तोंडाकडे बघून.

आता त्या कामावर थोरली होती. ट्रकवाले तिला टाचबाई म्हणायचे, पण पाठीमागे. तोंडावर म्हणणारा एकच, धाकटीचा नवरा, आणि तोही ट्रकवालाच.

जंगलातून लाकूड-गिरणीकडे यायला दोन रस्ते. खालचा मातीचा, ओढ्यावरच्या जुन्या मोरीवरून, टाचबाईच्या दारावरून येणारा. वरचा खडीचा, धाकटीच्या खिडकीला घासून जाणारा. खालचा बंद झाला की लाकडाचे सगळे ट्रक वर. दीड महिना खालच्या रस्त्याला लाल पाटी होती. या दिवसांत टाचबाईने घराच्या भिंतीचा गेल्या सालचा तडा बुजवून घेतला, वर रंगाचा हात दिला, फडताळातल्या कपबशा आता जागच्या जागी राहायच्या. रोज सकाळी ती मोरीपाशी जाई, टाच टेकवी, वहीत 'ओल आहे' लिही आणि वही पटकन मिटून टाकी.

आणि मंगळवारी दुपारी परिषदेच्या कचेरीतून परतताना त्याच रस्त्यावर तिला लाकडाची साल सापडली. ताजी, चिकाची, बोटाला चिकटणारी. पाटी तर लालच होती, आणि लाल पाटी ओलांडायची कुणा ट्रकवाल्याची छाती नव्हती. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी ती हिरवी केली आणि गुपचूप परत फिरवली.

परिषदेचे अध्यक्ष म्हणाले, "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नाव द्या. त्याचा परवाना रद्द."

तेव्हापासून तिला कुणाचंच काही सरळ दिसेना. दूधवाला रोजच्यापेक्षा लांबून हसला, त्याचा तिला संशय आला. गिरणीच्या पहारेकऱ्याने स्वतःहून चहा विचारला, त्याचा जास्त आला. शुक्रवारी गिरणीच्या फाटकात मेहुणा ट्रकची काच पुसत उभा होता.

"काय टाचबाई, लागली का रस्त्याची नाडी?"

"भाऊजी, मंगळवारी कुठून आलात?"

"पाटी म्हणेल तिथून. आम्ही आज्ञाधारक माणसं."

"काय म्हणत होती पाटी?"

फडकं क्षणभर थांबलं. "पाटी तुमची, ताई. मला कशाला विचारता?"

तो ताई म्हणाला, थट्टा टाकून. तिथेच तिचा पक्का ग्रह झाला. तिने अहवालात त्याचं नाव लिहिलं, कागद घडी करून पिशवीत ठेवला. परवाना गेला की ट्रकचा हप्ता थकणार. पण त्या हप्त्यापेक्षा धाकटीचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता.

परतताना ती पाटीपाशी थांबली. पाटी दोरीने खांबाला बांधलेली असे, आणि गाठ वडिलांची: दोन पीळ, मग टोक आत खोचायचं. तीन दिवस ती ही गाठ बघत होती आणि आपलीच समजत होती. आज बोट फिरवलं. टोक डावीकडून खोचलेलं होतं.

ती उजवीकडून खोचायची. ही गाठ जगात आणखी एकाच बाईला येत होती, आणि ती डावखुरी होती.

धाकटी आपल्या घरी खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. खिडकीशी आईची खाट; आई धाकटीकडेच असायची. टाचबाई टेकते न टेकते तोच आईने उशाशी असलेल्या पाण्याच्या पेल्यावर तळवा ठेवला. बाहेर काहीच नव्हतं. मग ते आलं. आधी तावदानं, मग खाटेचे पाय, मग टाचबाईच्या बुडाखालची खुर्ची. ट्रक गेला, धूळ बसली, आईने तळवा काढला.

"आजचा अकरावा," आई म्हणाली.

टाचबाईने नजर वळवली. "पाटी तू फिरवलीस."

"चहा टाकू?" धाकटी म्हणाली.

"मी काहीतरी विचारतेय."

"ऐकलं की. फिरवली. दोन तास. आईचा दुपारी डोळा लागला, महिन्यात पहिल्यांदा. मग फिरवली परत."

"भाऊजींना माहीत होतं?"

"गाठ बघून कळलं असेल. मला एका शब्दाने विचारलं नाही."

"आणि मोरी खचली असती म्हणजे? शाळेची गाडी जाते तिच्यावरून. तुझ्याच नवऱ्याचा ट्रक ओढ्यात गेला असता."

धाकटीने हातातला सदरा खाली ठेवला. "आधी टाच टेकवली मी. मोरीच्या अलीकडे, पलीकडे, कडेला. ताई, माझी रुतली नाही."

तिने सदरा परत उचलला, घडी घातली.

"वाटलं, आपल्याला कुठे कळतंय. लहानपणी मी बाबांचं तोंड बघूनच सांगायचे. म्हणून म्हटलं, कधीतरी तुलाच विचारावं. तुझी रुतते का गं?"

प्रश्नात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. पिशवीतला कागद मांडीला टोचत होता. टाचबाईला आपली भिंत दिसली, रंग ओला असतानाची, आणि मोरीपाशी टाचेखाली दगडासारखी लागणारी माती.

आईने पेल्यावर पुन्हा तळवा ठेवला. या वेळी ती खिडकीकडे बघत नव्हती, थोरलीकडे बघत होती. बारावा आला, खोली हलवून गेला. टाचबाईने तो पुरता जाऊ दिला. मग पिशवीतला कागद काढला, उभा फाडला, आडवा फाडला.

"नाही रुतत," ती म्हणाली. "दहा दिवस झाले, नाही रुतत. माझ्या घराची भिंत वाचावी म्हणून मी पाटी लाल ठेवली."