चादरीवरची सुरकुती

तिघी परदेशात निघाल्या तेव्हा धाकटी साठीला टेकली होती, तरी धाकटीच. हॉस्पिटलच्या वॉर्डात सगळ्यांत शेवटी नर्स म्हणून लागली त्यामुळे पडलेलं नाव, ते काही निवृत्तीबरोबर सुटत नाही. दुसरी रेडिओ. तिला बंद करायचं बटण देवाने बसवलंच नव्हतं. आणि तिसऱ्या मोठ्या सिस्टर, वॉर्डच्या एकेकाळच्या मुख्य. त्या समोर आल्या की धाकटीचा हात अजूनही आपोआप डोक्याकडे जाई, केसांतली पिन जागेवर आहे ना ते बघायला.

सहल ठरली रेडिओच्या हट्टाने. "जन्मभर दुसऱ्यांच्या उशाशी उभ्या राहिलो, आता चार दिवस आपण उशीला डोकं टेकू!" पण खरं कारण तिघींनाही ठाऊक होतं. मोठ्या सिस्टर भाड्याची खोली सोडून लांबच्या गावी भाच्याकडे कायमच्या जाणार होत्या. लग्न केलेलं नाही, गुडघे कुरकुरायला लागलेले. "मागची खोली देतोय तो. पडून राहीन एका कोपऱ्यात. मी घरात आहे हे कुणाला कळणारसुद्धा नाही," असं त्या वर अभिमानाने सांगत.

ते ऐकलं की धाकटीला आपल्या घरातल्या रिकाम्या खोल्या आठवायच्या. तिचं घर मोठं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सासरी. 'सिस्टर, माझ्याकडे या राहायला,' एवढंच तर म्हणायचं होतं. पण मोठ्या सिस्टरना सल्ला द्यायची वॉर्डात भल्याभल्यांची टाप नव्हती, तिथे हिची काय कथा! सहलीत विचारायचंच, असं मनाशी घोकत ती विमानात बसली, आणि विमान उतरलं तरी घोकतच होती.

मजा मात्र खूप आली. रेडिओने नवेकोरे बूट मिरवले आणि दुपारपर्यंत टाचेला हा मोठा फोड आणला. मोठ्या सिस्टरनी तिला भर चौकात बाकावर बसवलं आणि पर्समधला कापूस काढून अशी पट्टी बांधली की येणारे-जाणारे थांबून बघू लागले. मग तिघी चुकीच्या बसमध्ये चढल्या आणि गावाबाहेर एका पत्र्याच्या गोदामापाशी उतरल्या. तिथे बघायला काय, तर एक कुत्रं. त्याच्याबरोबरच फोटो काढले. हसून हसून पुरेवाट झाली. मोठ्या सिस्टरना इतकं हसताना धाकटीने जन्मात पाहिलं नव्हतं. आत्ता विचारावं, असं ओठांवर आलं आणि नेमकी परतीची बस आली.

हॉटेलची खोली ऐसपैस होती. ओळीने तीन खाटा, अगदी वॉर्डासारख्या. झालं! सकाळी उठलं की हात आपोआप सुरू. चादर ताणायची, कोपरे तिरके दुमडून गादीखाली खोचायचे, उशा एका रेषेत, बॅगा कपाटात, पेले पालथे, बेसिन पुसून कोरडं. डॉक्टरांचा राउंड आता येतोच आहे अशा थाटात तिघी खोलीवर शेवटची नजर टाकत आणि मगच फिरायला निघत. "एवढं मोठं हॉटेल, पण मेले टॉवेल काही बदलत नाहीत," अशी रेडिओची रोजची तक्रार. तिच्या तक्रारी कोण मनावर घेतो?

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी दमून परत आल्या, तर खोलीचं दार आतून एका परक्या गृहस्थाने उघडलं. तोंडाला साबणाचा फेस. रेडिओने किंकाळी फोडली, गृहस्थानेही फोडली.

खाली काउंटरवरच्या मुलीने खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत उलगडा केला. साफसफाईची बाई रोज दार उघडून बघायची. खाटांवर कुणी झोपल्याची खूण नाही, पेल्यात पाणी प्यायल्याची खूण नाही. पाहुणे आले आणि गेले, असं समजून तिने खाली तसं कळवलं, आणि यांनी खोली दुसऱ्याला देऊन टाकली.

"नो डिस्चार्ज!" रेडिओ काउंटरवर हात आपटून ओरडली. "वुई अॅडमिट! ऑल थ्री अॅडमिट!"

मुलीने दहादा माफी मागितली, कपाटातल्या बॅगा आणवल्या, दुसरी खोली दिली. रेडिओ आणि धाकटी पोट धरून हसत होत्या. मोठ्या सिस्टर मात्र जिन्याजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"मी तुम्हाला हेच शिकवलं गं," त्या हळूच म्हणाल्या. "खाट अशी दिसली पाहिजे की तिच्यावर कुणी झोपलंच नव्हतं. आता भाच्याकडेही अशीच राहणार मी. कुणाला कळणारसुद्धा नाही."

या खेपेला त्यात अभिमान नव्हता. धाकटीला ते सहन होईना. इतके दिवस घोकलेलं सगळं विसरून ती सरळ भांडायलाच उठली. "काही नको जायला भाच्याकडे! माझ्याकडे या तुम्ही. आणि येताना ही शिस्त आणू नका. पसारा करा! ओला टॉवेल पलंगावर टाका, चष्मा हरवा, मला घरभर नाचवा शोधायला. घरात दुसरं कुणीतरी आहे हे कळू दे ना मला!"

रेडिओसुद्धा गप्प झाली. मोठ्या सिस्टरनी धाकटीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पिन सुटलीय तुझी," त्या म्हणाल्या आणि उठून स्वतःच्या हाताने ती नीट खोवली. मग जराशाने म्हणाल्या, "चहात मला साखर कमी लागते. आधीच सांगून ठेवते."

आल्या त्या, आणि चांगली सहा-सात वर्षं राहिल्या. पसारा काही जमला नाही त्यांना. जन्माची खोड, जाते कुठे! पण रोज सकाळी खाट लावून झाली की त्या मुद्दाम तिच्या मधोमध बसायच्या, चादरीला एक सुरकुती पाडायच्या आणि हाक मारायच्या, "धाकटे, पसारा केलाय गं, बघून जा!" आणि धाकटी हातातलं काम टाकून बघायला जायची.

मोठ्या सिस्टर गेल्या त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. मुलगी फोनवर म्हणते, "आई, ती खोली रिकामी पडलीय, भाड्याने तरी दे." धाकटी हं म्हणते आणि विषय बदलते. सकाळी ती त्या खोलीत जाते, चादर ताणते, कोपरे तिरके दुमडून खोचते, आणि मग खाटेच्या मधोमध थोडा वेळ बसते. उठल्यावर सुरकुती नीट पडलीय ना ते बघते, आणि चहा ठेवायला जाते.