फरशीवर फेकलेली टाळी

मी एक जुनी सुरी आहे, मित्रांनो, आणि सध्या रागात आहे. मला मूठ नाही, अर्ध्या भाकरीच्या आकाराचं नुसतं पोलादी पातं. क्यूबातल्या एका गावात, चिरूट वळायच्या कारखान्यात, ओफेलिया नावाच्या कामगार बाईच्या हातात माझी उमेदीची वर्षं गेली. ती तंबाखूचं पान पसरायची, मी कापायची, ती वळायची.

हात कामात आणि कान रिकामे, म्हणून आमच्याकडे एक वाचक उंच ओट्यावर बसून कामगारांना मोठ्यानं वाचून दाखवतो. वाचन आवडलं की सगळे सुऱ्या लाकडी फळीवर आपटतात. ती आमची टाळी. नाही आवडलं तर सुरी जमिनीवर टाकतात. तो अपमान. एवढे दोनच शब्द मला बोलता येतात.

एवेलियो नवा वाचक म्हणून ओट्यावर चढला आणि पहिल्याच पानावर अडकला. काही जणांनी सुऱ्या टाकायला हात उचललेही होते. तेवढ्यात ओफेलिया ओरडली, "सावकाश रे बाबा! चिरूट काही पळून जात नाहीत!" आणि तिनं मला फळीवर आपटलं. ठक्! मागोमाग साऱ्या सुऱ्या वाजल्या. त्याचा आवाज मोकळा झाला. पुढं दोघांनी लग्न केलं. गावभर त्याच्या आवाजाचं कौतुक झालं. माझं कुणी केलं नाही, असो.

ओफेलिया गेली. माझी धार गेली. तिची लेक नेरेइदा माझ्यानं पेरूची वडी कापू लागली. तीही आता त्याच कारखान्यात चिरूट वळते. तोवर निवृत्त झालेल्या एवेलियोनं नातीला, युदेल्किसला, वाचन शिकवायला घेतलं. हातात मी.

"खेकडा चि... चि..."

खण्ण! मी फरशीवर.

"पुन्हा! आमच्या कारखान्यात तुला दोन ओळीसुद्धा वाचू दिल्या नसत्या, बाईसाहेब! उचल ती."

चिमुरडी खुर्चीवरून उतरायची, मला उचलायची आणि त्याच्याच हातात द्यायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जिनं याला बोलतं केलं, तिचीच सुरी घेऊन हा नातीला मुकी करत होता! पोरीची नजर अक्षरांवर नव्हतीच, आजोबांच्या मनगटावर होती. मग पुस्तक दिसलं की ती परसात पळू लागली. शेजारणीनं विचारलं, तर स्वतःचं नाव सांगावं तशी म्हणाली, "मला वाचता येत नाही."

एके दुपारी कारखान्यात पानं आली नव्हती, म्हणून नेरेइदा लवकर घरी आली. दारातच तिनं माझा आवाज ऐकला. मला उचललं.

"बाबा, ही आईची ना?"

"मग?"

"तुम्ही ओट्यावर अडकलात, तेव्हा आईनं ही खाली टाकली होती?"

आजोबांनी कॉफीचा घोट घेतला. कप रिकामा होता.

"ते वेगळं. मी मोठा माणूस होतो."

"वा! मोठ्या माणसाला टाळी आणि एवढ्याशा पोरीला फरशी!" तिनं मला टेबलावर ठेवलं, लेकीला जवळ घेतलं. "वाच गं राणी. अडलं तर थांब. आम्ही कुठं जात नाही."

"आजोबा हात वर करतील."

"आजोबा हातांवर बसतील."

आणि बसले बिचारे!

"खेकडा चि..." पोरगी अक्षरावर बोट ठेवून थांबली. शब्द सांगायला आजोबांचं तोंड उघडलं. नेरेइदानं डोळे वटारले.

"चिखलात शिरला!"

आजोबांचा हात सुटला. त्यांनी मला धरलं, मी फरशीच्या तयारीत. ठक्! टेबलावर!

"टेबल फोडाल, आजोबा!" पोरगी हसली आणि कुणी न सांगता पुढची ओळ वाचू लागली.

तरी माझा राग गेलेला नाही. फरशीवर माझ्या कडेचा टवका उडाला, तो भरून येणार नाही. अवघड शब्द आला की ती अजूनही आधी आजोबांच्या हाताकडे बघते. मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल. तुमच्या शेजारी बसून कुणी चिमुरडं अडखळत वाचेल. तेव्हा कृपा करा, आपापल्या हातांवर बसा.